बिबट्याची पावलं घराकडे

क्लायंट मॅडम बिबट्याच्या मागावर निघाल्या आणि थेट अक्कांच्या चुलीपाशी पोचल्या. अक्का म्हणजे आमच्या व्हिडिओ गेममधल्या आजीबाई. कोणीही घरात शिरलं की त्यांनी बोलायचं, हे आम्हीच ठरवलेलं. त्या बोलल्या, "ये भाऊ, बठ. चहा तयार शे."

बंगळुरूहून कॉलवर असलेल्या मॅडमनी विचारलं, "अम्मा तो चाय पिला रही हैं. तेंदुआ कहाँ है?"

जळगावच्या आमच्या ऑफिसात सगळे माझ्या स्क्रीनभोवती गोळा झाले. हा डेमो पास झाला तर आमची शाखा राहणार, नाहीतर सगळ्यांनी बोजाबिस्तरा घेऊन पुण्याच्या ऑफिसात जायचं, असं ठरलं होतं. मला पुण्याला अजिबात जायचं नव्हतं.

गेम साधा होता. यावलकडच्या एका गावात बिबट्या अक्कांच्या गोठ्यात येऊन डोंगराकडे पळालाय. खेळणारा केळीच्या बागेत उभा. चिखलातले ठसे बघत त्यानं बिबट्या गाठायचा.

ठसे उमटवायला गेममध्ये डेकल वापरतात. डेकल म्हणजे जमिनीवर चिकटवायचं स्टिकर. पण नुसतं स्टिकर लावलं की बिबट्या चालून गेला असं वाटत नाही, कोणीतरी शिक्का मारून गेल्यासारखं वाटतं. ठशापुरती जमीन दबायला हवी, ठिबकच्या नळीजवळ जास्त, कोरड्या बांधावर कमी. हे काम दोंडाईच्याच्या योगितानं केलं. तिनं शाडू मातीत मूठ दाबली, वर बोटांचे ठिपके दिले, फोटो काढले आणि त्यावरून ठसा बनवला. दिवाळीत लक्ष्मीची पावलं काढतात ना, तश्शीच. पहिल्या बिबट्याला पाच बोटं आली होती. मी म्हटलं, "बाई, बिबट्याच्या ठशात चारच उमटतात." तिनं एक पुसलं. ठसा इतका झकास झाला की मी खुर्चीत उड्या मारल्या.

आणि आता बिबट्याचा पत्ता नाही. पुण्याहून कॉलवर असलेल्या आमच्या सरांनी चॅटवर नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं.

मी स्क्रीनवर ठसा मोठा करून पाहिला. बोटं घराकडे. पुढचा पाहिला, तोही घराकडे. डोंगरापासून चुलीपर्यंत सगळी पावलं आत येणारी.

मी माइक बंद केला. "योगिता, पावलं उलटी का?"

"उलटी कुठं? घराकडे तर आहेत." मग तिच्या लक्षात आलं आणि तिची गावची भाषा सुटली. "पन ताई, लक्ष्मीना पाय कोनी बाहेर काढस का?"

मला हसू आवरेना. कारण आठवडाभर आम्ही सगळ्यांनी हा गेम तपासला होता. बिबट्या कुठं बसलाय ते माहीत, त्यामुळे सरळ डोंगराकडे जायचो. बोटं घराकडे दिसत होती, पण एकालाही खटकली नाहीत. सगळेच खान्देशातले, पावलं घरात येणारीच बघत वाढलेले.

गेम आमच्याच मशीनवर चालू होता, मॅडम तिकडून तो खेळत होत्या. मी ठशांच्या रोटेशनमध्ये एकशे ऐंशी टाकलं. योगितानं डोळे मिटून घेतले. मॅडमना म्हटलं, "एक बार फिर से." त्या बागेतून निघाल्या, डोंगराच्या कपारीपाशी पोचल्या आणि बिबट्या असा अंगावर आला की कॉलवर त्यांची खुर्ची पडल्याचा आवाज आला. आमच्याकडे सगळे टाळ्या पिटत होते.

मग मी त्यांना मघाचं कारण सांगितलं. त्या एवढ्या हसल्या की सरांनाही हसावं लागलं. म्हणाल्या, "वो चाय वाला रास्ता मत हटाना."

तेव्हा आता गेममध्ये दोन माग आहेत. एकाच्या शेवटी बिबट्या, दुसऱ्याच्या शेवटी चहा. शाखा जळगावातच राहिली.

दिवाळीत योगितानं ऑफिसच्या उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं काढली आणि शेजारी चार बोटांची एक जोडी. सर पुण्याहून आले होते. ते कडेनं पाय टाकत म्हणाले, "बिबट्यालाही आत घेतलंत?"

"घेतलं ना सर," योगिता म्हणाली. "आता कोणाला बाहेर काढायचं नाव काढू नका."

नव्या पोरांना मी एवढंच शिकवते, ठसे तपासताना आधी बोटं कुठं आहेत ते बघा. सगळी घराकडे असली तर काम आपल्याच माणसाचं.