धुऱ्यावरचा आवाज कापायचा नाही

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. बाबा ब्रह्मपुरीच्या बाजारात आणि आजूबाजूच्या गावांत पत्रकं वाटायचे. कधी बंद झालेल्या बसचं, कधी शाळेत मास्तर नसल्याचं, कधी जयंतीचं. मजकूर बदलायचा, पण तळाशी बारीक अक्षरात एक ओळ कायम असायची : ‘पत्रक फाडू नये. वाचून दुसऱ्यास द्यावे.’ अशा घरातून दादा फौजेत गेला तेव्हा मी त्याच्याशी महिनाभर भांडले. तो नुसता हसायचा. म्हणायचा, “ए पत्रकवाली, छापून झालं का तुझं? मंग जेवाले वाढ.”

ते भांडण अजून मिटलेलं नाही. पण दोन वर्षांपूर्वी तो रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत सुट्टीवर आला आणि आम्हा दोघांना एका कामात एकत्र यावं लागलं.

त्याची पुढची नेमणूक सरहद्दीवर, बर्फात होती. मोबाइल खालीच जमा करून वर जायचं. त्याच्या साहेबांनी एक परवानगी मात्र दिली होती. गाणं रेकॉर्ड करायचं छोटं यंत्र नेता येईल, पण त्यात सिम नको, कॅमेरा नको, आणि सगळं सामान ट्रंकेच्या एका कोपऱ्यात मावलं पाहिजे. दादा गावच्या मंडळात ढोलकी वाजवायचा, गायचा. त्याला आईचं रोवण्याचं गाणं हवं होतं. धान रोवताना एक बाई ओळ म्हणते आणि रांगेतल्या बाकीच्या ती झेलतात. “आई म्हणन, मी तिथी बसून झेलीन,” तो म्हणाला. “सहा वर्षं झाली, रोवणा आयकला नाई मी.”

त्याची सुट्टी संपायला पाच दिवस होते.

हातात मावेल एवढा जुना रेकॉर्डर आम्ही नागपूरहून आणला. दोन लहान माइक, एक इयरफोन, मेमरी कार्ड घालून वाजवता येईल असा एक छोटा स्पीकर, आणि सेलवर चालणारं सगळं, कारण वर चार्जिंगचा भरवसा नाही. हे ठेवायला आईचा तीन पुडांचा जेवणाचा डबा घेतला. खाली सेल, मधे स्पंजात रेकॉर्डर, वरच्या पुडात वायरी. डबा बाबांच्या पत्रकांच्या पिशवीत बरोबर बसला. पत्रकं भिजू नयेत म्हणून बाबांनी तिला आतून रेक्झिन शिवून घेतलं होतं. वाऱ्याची फडफड माइकमध्ये शिरू नये म्हणून मी दादाची जुनी कानटोपी कापली आणि दोन्ही माइकांना घातली. आईनं मला मनापासून शिव्या दिल्या.

गावातल्या स्टुडिओवाल्याकडे सल्ला विचारायला गेले तर तो म्हणाला, “आईंना इथंच आणा. काचेच्या खोलीत एकदम साफ आवाज येईल. फक्त ते मले-तुले नको. मला-तुला म्हणू द्या. बाहेर पाठवायचं आहे ना?”

“ज्याला पाठवायचं आहे तोही मलेच म्हणतो,” मी म्हटलं आणि पायरी उतरले.

घरीच करू म्हणून आईला माइकसमोर खुर्चीवर बसवलं. तिनं एक ओळ म्हटली, दुसरी अर्धी म्हटली आणि थांबली. मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाली, “कोरड्यात कसं म्हणू वो? हात रिकामे हायेत.” बाबा दारातून म्हणाले, “बरोबर हाय तिचं.” त्यांनी पिशवी उचलून माझ्या खांद्याला लावली.

म्हणून आम्ही बांधीत गेलो. धानाच्या चिखलाच्या वाफ्याला आमच्याकडे बांधी म्हणतात आणि तिच्या बांधाला धुरा. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची बांधी होती, आईसोबत अकरा बाया होत्या. दादा दुसऱ्याच दिवशी निघणार होता. तो घरी ट्रंक भरत होता, त्यामुळे रेकॉर्डिंग माझ्यावर होतं. मी बायांच्या तोंडासमोरच्या धुऱ्यावर, स्टेजपुढे लावतात तसे माइक लावले आणि इयरफोन घालून बसले. गाणं सुरू झालं. छान येत होतं. मग बारीक झालं. मग पावसाची टपटप आणि बेडकंच उरली.

वर बघते तर बाया पार पलीकडे. रोवणा मागे सरकतो. वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावायचे आणि एक पाऊल मागे जायचं, नाहीतर लावलेलंच तुडवलं जाईल. हे मला जन्मापासून माहीत आहे. तरी मी माइक समोर लावले.

“येवढी शिकली,” आई ओरडली, “अन् रोवणा कोणीकडं सरकते ते नाई ठाऊक!”

“पत्रकात नसन लिहिलं,” शेजारची काकू म्हणाली आणि अख्खी रांग हसली.

पुढच्या बांधीत मी मागच्या धुऱ्यावर बसले. आता बारा वाकलेल्या पाठी पाऊलपाऊल माझ्याकडे येत होत्या, आणि त्यांच्यासोबत गाणं मोठं होत होतं. त्यातला चिखलातून पाय उपसल्याचा आवाजसुद्धा मला वेगळा ऐकू येत होता.

अर्धी बांधी झाली होती तेव्हा शेतमालक छत्री घेऊन धुऱ्यावर आला. “गाणं बंद करा! रोवाले आल्या का नाचाले? अन् हे मशीन कायचं? कोणाले पाठवून राह्यली?”

गाणं थांबलं. या बायांना उद्याही त्याच्याकडेच काम होतं. आणि आमच्याकडे दुसरा दिवस नव्हता. मी उठले. तोंडात अख्खं पत्रक तयार होतं, ‘समस्त बंधू-भगिनींनो’पासून. पण पहिला शब्द निघायच्या आत आईनं मान वर न करता त्याच चालीत ओळ टाकली :

“धुऱ्यावर कोन उभा वो बाई,
पायाले त्याच्या चिखल नाई.”

मग काकूनं झेललं. मग सगळ्यांनी. “चिखल नाई वो, चिखल नाई!” हात थांबले नव्हते, उलट भराभर चालत होते. काम थांबलं असं म्हणायची त्याला सोयच ठेवली नाही बायांनी. त्यानं आपल्या स्वच्छ बुटांकडे पाहिलं. “दुपारपर्यंत झालं पाह्यजे,” म्हणाला आणि गेला.

मी खाली बसले. माझं पत्रक कोणालाच लागलं नव्हतं.

रेकॉर्डरमधलं गाणं कार्डावर घ्यायला स्टुडिओवाल्याकडेच जावं लागलं. त्यानं ऐकलं आणि त्याचा हात लगेच माउसकडे गेला. “हा मधला माणूस कापतो. गाणं खराब करतोय.”

“नाही कापायचा.”

“अहो, दोन मिनिटांचं काम आहे.”

“तो कापला तर पुढची ओळ कोणाला म्हटली ते कसं कळेल? ती ओळ बायांनी हवेत नाही म्हटली. त्याच्या तोंडावर म्हटली. ‘मले-तुले’ पण राहील, चिखल राहील, तोही राहील.”

“तुमच्या घरात सगळे असेच का?”

“हो,” मी म्हटलं.

कार्डाच्या छोट्या पाकिटावर मी लिहिलं : ‘पुसू नये. ऐकून दुसऱ्यास द्यावे.’ जीपमध्ये बसताना दादानं ते वाचलं. “छापलंच शेवटी,” म्हणाला. डब्याची पिशवी त्यानं टपावर टाकू दिली नाही, मांडीवर घेतली.

उन्हाळा लागताना तेच पाकीट टपालानं परत आलं. मी कार्ड लावलं. आई भाकऱ्या टाकत होती. आधी वारा, स्टोव्हचा फरफर आवाज. मग स्पीकरमधून आईची ओळ, आणि ती झेलणारा दादा. त्याच्यासोबत तीन-चार अनोळखी आवाज, वेगळ्याच मुलखांचे, पण “चिखल नाई” ठसक्यात म्हणणारे. मग एकानं मधेच विचारलं, “भाई, ये चिखल क्या होता है?”

“कीचड़,” दादाचा आवाज. “यहाँ नहीं मिलेगा.”

आई पिठाचे हात तसेच धरून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “उशिरा झेलते तो. पुन्हा लाव.”