शंकररावांची इर्जिक

वडगावच्या कोर्टाच्या आवारात चिंचेखाली मी एका पक्षकाराला खडसावत होतो. दावा बांधाचा. शेजाऱ्याने वीतभर बांध सरकवला म्हणून हा गडी विळा घेऊन त्याच्या अंगावर धावला होता, आणि वर मलाच विचारत होता, "माझं काय चुकलं?" तेवढ्यात फाटकातून धोंडिबा येताना दिसला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, मुंडासं डोक्यावर नसून हातात. ते हातातलं मुंडासं बघितलं आणि मला काय ते कळलं. "वकीलसायेब, आबा गेलं," तो म्हणाला, "पाटंचं. वैनीनं तुमाला घिऊन यायला सांगितलंय." खरं सांगतो, मला रडू आलं नाही, राग आला. "आज बरा वेळ मिळाला तुला यायला!" असा मी भर आवारात त्याच्यावर ओरडलो. धोंडिबा मान खाली घालून उभा राहिला. त्या रागाचं कारण पुढे येईलच. याला आता दीड महिना होऊन गेला, पण तो राग काही उतरलेला नाही, आणि शंकर गेला हेही धड पटलेलं नाही...

शंकरराव गावाला आबा, लोणावळ्याच्या शाळेतल्या पोरांना सर, आणि मला नुसता शंकर. तळेगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो कार्ल्याच्या डोंगराखालच्या भातकऱ्याचा मुलगा, मी तळेगावातला. शिकून मी वकील झालो आणि हा उठला तो थेट रंगूनला गेला, तांदळाच्या गिरणीत कारकून म्हणून. वडील वारले तेव्हा परत आला, लोणावळ्याच्या शाळेत भूगोल शिकवू लागला, घरची शेती बघू लागला. पण रंगूनहून तो एक खूळ घेऊन आला होता, आणि ते त्याला जन्मभर पुरलं. शेजारी देशांचं खूळ! त्या काळात शिकलेल्या माणसाची नजर विलायतेच्या खाली उतरत नसे. हा मात्र ब्रह्मदेश, सिलोन, नेपाळ, तिबेट यांच्यावाचून बोलायचा नाही. "अरे, लंडनचं धुकं पोरांना पाठ आहे, आणि आपल्या ताटातला भात कुठून येतो ते ठाऊक नाही," असं तणतणायचा. लग्नाच्या पंगतीत माणूस जिलबीकडे बघतो, तर हा शेजारच्या पाटावरच्या व्याह्याला विचारायचा की उद्या ब्रह्मदेशाने तांदूळ बंद केला तर बंगालने खायचं काय? व्याही बिचारा माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचो, "जेवा हो तुम्ही. तो असाच आहे."

रंगूनला त्याचा एक जिवलग मित्र होता, बा तिन. सरकारी कचेरीत नोकरीला होता, पण डोक्यात शंकरचंच वारं. एका उन्हाळ्यात तो रजा काढून महिनाभर इकडे राहिला. वैशाखात गावात इर्जिक होती. आमच्या मावळात सांगायला नको, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. एकट्याचा नांगर खाचरांना पुरत नाही, म्हणून सगळे आपापली औतं घेऊन एकाच्या शेतात उतरतात, दिवसात त्याचं रान काढून देतात, आणि तो सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. मग दुसऱ्याची पाळी, मग तिसऱ्याची. शंकर दरसाल आपली पाळी मागे ठेवायचा, सगळ्यांची झाल्यावर शेवटची. तर त्या दिवशी बा तिन लुंगी खोचून बांधावर उभा होता. धोंडिबा गावच्या इर्जिकीचा पुढारी. त्याने आवाज दिला, "पाव्हणं, नुसतं बगताय काय? धरा की औत!" आणि पाहुण्याने धरलं! नांगराचं तास असं वाकडंतिकडं निघालं की बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. धोंडिबा म्हणाला, "हसू नगा. त्येंच्याकडं बी भातच हाय. त्यो आपल्यातलाच हाय." दुपारी झाडाखाली बा तिनने शंकरला मध्ये घालून एक प्रश्न विचारला. समजा, एखाद्याने आधी आपलं रान सगळ्यांकडून काढून घेतलं आणि मग दुसऱ्याच्या शेतावर गेलाच नाही, तर त्याला काय शिक्षा? धोंडिबाला आधी प्रश्नच कळेना. मग म्हणाला, "शिक्षा? न्हाई बा. कोन कायबी म्हनत न्हाई. पर त्यानं मंग गावात तोंड कसं दावायचं?"

बा तिनने ते उत्तर वहीत उतरवून घेतलं. त्या रात्रीपासून त्याचं आणि शंकरचं टिपण सुरू झालं. हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोन या भातावर जगणाऱ्या देशांची इर्जिक. ज्याचं पीक बुडेल त्याच्याकडे बाकीच्यांनी आधी धान्य धाडायचं, भावाची घासाघीस नंतर. एकमेकांच्या बंदरांत मालाला अडवणूक नाही. आणि तिसऱ्या कुणाचं सैन्य एकाच्या जमिनीवरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊ द्यायचं नाही. मी ते वाचलं आणि वकिलाला दिसायचं तेच मला दिसलं. "शंकर, यात दंडाचं कलम कुठंय? मोडला तर काय?"

"नाहीच ठेवलं."

"मग हा करार नव्हे. हे भजन झालं."

तो चिडला नाही. म्हणाला, "वकील, दंड लावलास की शेजारी पक्षकार होतो रे. मग तुझ्या चिंचेखाली येऊन बसतो." मी म्हणालो, बसू दे, माझं पोट त्याच्यावरच चालतं. दोघेही हसलो. त्या टिपणावर आम्ही पुढे किती वर्षं भांडलो! मळवलीच्या स्टेशनावर, लोणावळ्याच्या त्याच्या खोलीत, माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या खांबाला टेकून... तो हटला नाही, मीही हटलो नाही.

टिपण कुणी घेतलं नाही, हे सांगायला नकोच. सरकारने मधेच ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून तोडला. शंकर सिमल्याला जाऊन कुठल्याशा साहेबापुढे तासभर बोलला, साहेबाने चहा पाजला आणि "फार चांगली कल्पना आहे" म्हणून दारापर्यंत पोचवलं. मग युद्ध आलं. जपान्यांनी रंगून घेतलं, आणि तिथली आपली माणसं पायी निघाली, डोंगरातून, जंगलातून, पोरंबाळं खांद्यावर घेऊन. वाटेत किती मेली त्याला गणती नाही. त्यातला एकजण हवापालटासाठी लोणावळ्याला आला होता, शंकर रोज त्याच्याकडे जाऊन बसायचा आणि येताना काळाठिक्कर पडून यायचा. तांदूळ तर बंदच झाला. दोन वर्षांत बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरू लागली. ज्या प्रश्नाला पंगतीतले व्याही हसले होते तोच प्रश्न! मला वाटलं, आता तरी हा म्हणेल, "बघ, मी सांगत होतो." एकदाही म्हणाला नाही. एक दिवस ताटावर बसला आणि वाढलेला भात त्याने बाजूला सारला. त्याच्या बायकोला, पार्वतीवहिनींना, वाटलं, पोट बिघडलंय. पण त्यानंतर त्याने भात खाल्लाच नाही. ज्याच्या आंबेमोहोराचा वास रस्त्यापर्यंत यायचा, तो माणूस घरात भाकरी कुस्करून खायचा. वहिनी रडल्या, मी शिव्या दिल्या. "तुझ्या न खाण्याने तिकडे कुणाचं पोट भरणार आहे?" तर म्हणाला, "कुणाचंच नाही. घशाखाली उतरत नाही, एवढंच."

स्वातंत्र्य आलं ते घरात भिंत घालून आलं. काल एका ओसरीवर बसणारे आज शेजारी देश झाले, आणि शेजाऱ्यांनी एकमेकांचं काय केलं ते सगळ्यांनी वाचलंय, मी ते इथे पुन्हा लिहीत नाही. शंकर त्या दिवसांत बोलेनासा झाला होता. तशात गेल्या साली कळलं की ब्रह्मदेशाहून काही अंमलदार तांदळाचा सौदा करायला दिल्लीला यायचेत, आणि त्यात बा तिन आहे. जिवंत आहे! हा साठीला टेकलेला, दम्याने बेजार झालेला माणूस जुनं टिपण पिशवीत घालून दिल्लीला निघाला. मी पुण्यापर्यंत पोचवायला गेलो. लग्नाला निघाल्यासारखा चेहरा होता त्याचा.

परत आला तो थेट माझ्याकडे वडगावला. बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "भेटला. ओळखलं. मिठी मारली." मी म्हटलं, मग? "टिपण काढलं तर हात लावला नाही त्याने. म्हणाला, शंकर, तुमचे सावकार आमच्या जमिनी घेऊन बसले, तुमचे शिपाई इंग्रजांबरोबर आमच्यावर चालून आले, तुमच्या गिरणीत बसून तू आमचं भात मोजलंस. तुमच्या शेतात आम्ही पुष्कळ राबलो. आमच्या शेतावर तुम्ही कधी आलात, सांग." मी उसळून काहीतरी बोलायला लागलो तर त्याने हाताने थांबवलं. "तो खोटं बोलला असता ना वकील, तर बरं झालं असतं रे..." एवढं बोलून त्याने डोळ्यांवर हात घेतला. शंकरला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

एवढं होऊनही यंदा वैशाखात त्याने इर्जिक घालायचं काढलं. अंगात त्राण नव्हतं, खोकला थांबत नव्हता. मी म्हणालो, भाड्याने औतं सांगू, पैसे मी देतो. ऐकेना. "सगळ्यांची झाली, आता माझी पाळी. गाव येईल." खरं तर गाव कुठं उरलं होतं? युद्धाच्या काळात तरणी पोरं देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला लागली ती तिकडचीच झाली. कुणी बैल विकले, कुणाचे ठेकेदाराच्या गाड्यांना जुंपलेले. पण धोंडिबा शब्द देऊन गेला होता, "आबा, तुमचं रान पडीक ऱ्हाईल व्हय? आमी हाय की." आणि यंदाही धोंडिबाच्या रानात आधी सगळ्यांनी औतं घातलेली होती. शंकरचा एकुलता एक नांगर त्यात होता.

इर्जिकीच्या दिवशी मी पहिल्या गाडीने मळवलीला उतरून गेलो. वहिनींनी तांब्याचं मोठं तपेलं काढून ठेवलं होतं, इर्जिकीला तेवढ्यापुरतंच माळ्यावरून खाली यायचं ते. चुलाण पेटलं होतं, भात होत होता, आंबेमोहोराचा वास सुटला होता. शंकर धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसला, वाटेकडे तोंड करून. आम्ही इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. ऊन चढलं. वहिनी दोनदा दारापर्यंत येऊन गेल्या. मी म्हटलं, उशीर झाला असेल. तो म्हणाला, "हो, झाला असेल." ऊन माथ्यावर आलं, मग कललं. कुणी आलं नाही. एकही माणूस आला नाही! दिवेलागणीला धोंडिबा आला, एकटा, बैलांवाचून. पोराने बैल विकले, आज पोराचा पगार होता म्हणून धोंडिबा स्वतः डेपोवर गेलेला, बाकीच्यांचं असंच काही काही... तो सांगत होता आणि शंकर मान डोलवत होता. शेवटी म्हणाला, "असू दे. बस, जेवून जा." धोंडिबा जेवला नाही. पायरीवरूनच फिरला.

तो गेल्यावरही शंकर वाटेकडेच बघत बसला. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "वकील, दंडाचं कलम घालायला हवं होतं का रे?"

वीस-पंचवीस वर्षं मी हेच ओरडत आलो होतो. कोर्टात असतो तर टेबलावर हात आपटून "हो" म्हणालो असतो. पण ते तोंड बघून मला ते म्हणवेना. "नाही," मी म्हणालो. त्याला ते पटलं नाही, हे मला दिसत होतं. त्यानंतर तो अंथरुणावरून फारसा उठला नाही. स्पष्ट सांगायचं तर दम्याने गेला नाही तो. डॉक्टर काहीही म्हणोत.

ज्याने भात सोडला होता त्याला दहाव्याला आम्ही भाताचे पिंड वाहिले. तेराव्याला गाव लोटलं. डेपोतली पोरं रजा टाकून आली, म्हातारी आली, लोणावळ्याहून शिक्षक आले. धोंडिबा कंबर कसून वाढत होता, आग्रह करत होता, "घ्या, घ्या, आबांचं म्हनून घ्या." ओट्यावर, अंगणात, गोठ्याच्या पडवीत पंगती उठत होत्या आणि बसत होत्या. कुणी म्हणालं, असा माणूस होणे नाही. मी पान वाढून घेतलं आणि एक घासही न खाता उठलो. मागे खाचरं दिसत होती. सगळ्यांची आवणी, म्हणजे भाताची लावणी, झालेली, हिरवीगार. मधोमध शंकरचं रान तेवढं नांगराविना पडलेलं, पाणी साचलेलं, गवत माजलेलं.

निघताना परसात गेलो. पार्वतीवहिनी ते तांब्याचं तपेलं राखेने घासत होत्या. इर्जिकीच्या दुसऱ्या दिवशी त्यातला सगळा भात त्यांनी गुरांपुढे ओतला होता, मी तिथेच होतो. मला बघून त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "या खेपंला काय बी उरलं न्हाई."