फुंकरीची कॉपी

श्वासाच्या परीक्षेत मी माझ्या मैत्रिणीला, शमीमला, कॉपी करायला लावली होती. हसा खुशाल. मीही हसते.

तीन आठवड्यांपूर्वी साताऱ्यात नातीची वेणी घालत होते, तेव्हा सांगलीहून शमीमच्या अल्ताफचा फोन आला. "मावशी, अम्मी गेली." मी आधी विचारलं ते हेच, "दम लागला होता का रं?" "न्हाई मावशी. दुपारची जरा आडवी झाली, ती उठलीच न्हाई..." नातीची वेणी अर्धीच राहिली.

सांगलीत शमीम आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. त्यांचं गाद्यांचं दुकान, कापूस पिंजायचं यंत्र ओसरीतच. त्या धुरळ्यात राबता राबता तिला दमा जडला आणि पुढं जिना चढणंही होईना. डॉक्टरांनी तपासणी सांगितली. नळीत जोरात फुंकायचं, मग औषध ओढायचं, थोडं थांबून पुन्हा फुंकायचं. त्या दिवशी सकाळपासून तोंडात ओढायचा दम्याचा पंप घ्यायचा नाही, हेही बजावलं. पण तेव्हाची मी! दोन पोरं दहावी पास करवली म्हणून साऱ्या गल्लीची हेडमास्तरीण झालेली. दवाखान्याच्या बाकावर शमीमला धाप लागली आणि मला वाटलं, ही आता नापास होतीय. तिला बाथरूमकडं नेलं, पिशवीतला पंप काढला.

"ओढ. कुणाला कळतंय?"

"अगं, नको म्हनलेत न्हवं?"

"ओढ म्हणते ना!"

मग शमीमनं झकास फुंकलं. औषधानंतरही तेवढंच. मी कौतुकानं फुगून बसलेली. डॉक्टर म्हणाले, "औषधानं काहीच फरक नाही. हा दमा नसावा. पंप बंद करून बघू." शमीमनं माझ्याकडं पाहिलं, पण माझं नाव सांगितलं नाही. ज्या पंपावर ती जगत होती तो माझ्या पिशवीत, आणि ती पिशवी काखेत मारून मी तिच्यासोबत बाहेर पडले. जिना उतरताना तिची बोटं माझ्या दंडात रुतली. दम नव्हता लागला, भ्याली होती. मी तशीच उलटी पळाले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो बाई, परीक्षा त्यांची नव्हती, औषधाची होती! आधीच पंप ओढला तर फरक दिसणार कसा?"

पुन्हा बोलावलं. या वेळी पंप माझ्या मुठीत, आणि मूठ उघडायची नव्हती. शमीमचे खांदे वरखाली होत होते, ओठ सुकलेले. ती पंपाकडं बघायची, मी फरशीकडं. आत जाऊन तिनं फुंकलं, ते चूल पेटवण्याइतकंही नव्हतं. मग औषध दिलं. ती वाट बघणं मला बाळंतपणापेक्षा जड गेलं... दुसरी फुंकर मात्र खणखणीत. पुढं आणखी एका यंत्रावर नुसता संथ श्वास घ्यायला लावला. त्यात दिसलं की औषधानं मोठ्या श्वासनळ्या उघडतात, टोकाच्या बारीक नळ्या आवळलेल्याच राहतात. डॉक्टरांनी तिथवर पोचणारं औषध दिलं. त्यानंतर कितीतरी वर्षं ती आमचा जिना चढून चहाला येत राहिली, वर माझ्या चहाला नावंही ठेवत राहिली.

त्या तपासणीनंतर तिनं तोंडाला पदर बांधून माझ्यासाठी एक उशी भरली होती. आज तीच माझ्या डोक्याखाली असते. कूस बदलली की कापूस हलकेच दबतो, सुस्कारा टाकल्यासारखा. उशी माझ्या हातात ठेवताना शमीम म्हणाली होती, "सुमे, पास झाले आसते तर मेले आसते गं. तू नापास केलंस, म्हनून हाय."