खळग्यातला चेहरा

बाहुल्यांच्या त्या छोट्या कारखान्यात खिडकीलगतचे मेज मावशींचे, याविषयी कुणाचे दुमत नव्हते. कागदाचा लगदा ज्या साच्यांत दाबून बाहुल्यांचे चेहरे उठवीत, ते प्लास्टरचे साचे मावशी कोरीत. वाणीने फटकळ आणि स्वकर्माविषयी निःशंक अशी ही बाई. चेहरा हातावेगळा झाला की "झालं" एवढेच म्हणे आणि दुसऱ्या कुणाच्या मताची वाट पाहत नसे.

साचा कोरणे हा उलटा व्यवहार आहे. बाहुलीचे नाक जिथे उंच, तिथे साच्यात खड्डा. तिच्या गालाला खळी, तर साच्यात उंचवटा. हे समजायला फार बुद्धी लागत नाही. पण हातभर अंतरावरून त्या खळग्याकडे पाहत राहावे, तर काही क्षणांत खळगा लोपतो आणि भरलेला, वर आलेला चेहरा आपल्याकडे पाहू लागतो. डोळे बिचारे प्रकाश आणि छाया तेवढी आत पोचवतात. त्यांचा अर्थ लावतो तो मेंदू. त्याने पाळण्यात असल्यापासून आईचा, बापाचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा प्रत्येक चेहरा बाहेर आलेलाच पाहिला. आत गेलेला चेहरा असू शकतो, हे त्याला मुळी मान्यच नाही. छाया संदिग्ध असली की तो आपल्या परिचयाचा अर्थ लावतो, आणि तो अर्थ आपल्याला प्रत्यक्ष म्हणून दिसतो. मावशी याला 'चेहरा वर येणं' म्हणत.

उजव्या अंगठ्याचा सांधा सुजून बारीक पाते धरवेनासे झाले, तेव्हा मावशींनी सुनेला मेजाशी बसवले. मुलगी हुशार, हात हलका. ती रुळते न रुळते तोच एका सकाळी मालक रंग उडालेल्या नाकाची बाहुली घेऊन आले.

"मावशी, हिचं नाक खोक्याच्या झाकणाला घासतंय. दुकानात पोचेपर्यंत सगळ्या शेंबड्या दिसायला लागतात."

"मग खोकं मोठं करा."

"खोकी छापून आलीत हो! नाकच बसवा थोडं. आज जमलं तर ठीक, नाहीतर चेहरे बाहेरून तयार मागवतो. मग या मेजाचं…"

"मी करते," सून म्हणाली.

मालकांनी मावशींकडे पाहिले. "मूळ साचा एकच आहे हं."

"ठाऊक आहे. मीच कोरलाय," मावशी म्हणाल्या. "जा तुम्ही, डोक्यावर उभं राहून कामं होत नाहीत."

नाक बसवायचे म्हणजे साच्यातला नाकाचा खड्डा नव्या प्लास्टरने थोडा भरायचा. मावशी वाटीत प्लास्टर चाळू लागल्या. सून साचा समोर उभा ठेवून, कुठवर भरावे याचा अदमास घेत बघत राहिली. चेहरा वर आला. नाक चांगले लांबलचक, टोकदार, अगदी डोळ्यांत भरण्याजोगे दिसू लागले. तिचा हात पात्याकडे कधी गेला, हे तिलाही कळले नाही.

खरवडल्याचा आवाज ऐकून मावशींनी मान वर केली. "काय चाललंय?"

"नाक कमी करतेय," सून म्हणाली आणि स्वतःच्याच शब्दांनी दचकली. खड्ड्याच्या तळाचे प्लास्टर निघून मेजावर पांढरी भुकटी सांडली होती. खड्डा खोल झाला होता. "आई… मी नाक वाढवून ठेवलं!"

पाते तिच्या हातून काढून घ्यावे, हा विचार मावशींच्या मनात आला नाही असे नाही. मेज जाणार की राहणार, ते आता या एका खड्ड्यावर होते. पण सुजल्या अंगठ्याने पाते धरून काय साधणार? आणि आज ते काढून घेतले, तर ही पोर पुन्हा धीटपणे धरील का? त्यांनी हात वाटीतच ठेवला.

"रडायचं असेल तर लांब जाऊन रड. साचा ओला करायचाय, पण खाऱ्या पाण्यानं नको."

"मला माहीत होतं हो खड्डा आहे ते! माहीत असून…"

"चेहरा वर आला की माहिती गेली उडत. मलासुद्धा इतकी वर्षं वरच दिसतो."

"तुम्हालाही?"

"मग? मी काय वेगळे डोळे करून आणलेत?" मावशींनी साचा उचलला, हनुवटी वर आणि कपाळ खाली करून ठेवला. "आता जवळून बघ."

सून वाकली. उलट्या चेहऱ्याशी मेंदूची तितकीशी ओळख नाही. त्याचा आग्रह सैल पडला आणि हळूहळू नाकाच्या जागी खरोखरीचा खड्डा दिसू लागला.

"आत गेलंय!"

"जाणारच. आता बोट घालून खात्री कर. आणि ऐक, गुळगुळीत प्लास्टरवर नवं धरत नाही, खरवडावं लागतंच. तू जरा जास्त हौसेनं खरवडलंस, एवढंच. पाणी पाज त्याला, पोटभर."

सुनेने साचा भिजवला, दाट प्लास्टर खड्ड्यात बसवले, घट्ट होताच पात्याने उतार काढला. डोळ्यांनी शंका घेतली की बोटाला विचारायचे, असे तिने सारे काम उलट्या चेहऱ्यावर केले. मावशी शेजारी बसून होत्या. हात मात्र त्यांनी पुढे केला नाही. शेवटी मऊ माती दाबून चेहरा उठवला आणि त्यावर खोक्याचे झाकण ठेवले. नाक आणि झाकण यांच्यामधून कागद सहज सरकला.

मालक आले, मेजाच्या पलीकडून साच्यावर वाकून म्हणाले, "वा! छान बसलंय नाक."

"मालक, तो साचा आहे. चेहरा इकडे," मावशींनी माती पुढे केली.

मालकांनी ती फिरवून फिरवून पाहिली. "कुणी केलं?"

"मेजाशी कोण बसलंय, ते दिसतंय ना?"

"मग बसू द्या तिलाच," मालक म्हणाले आणि माती घेऊन रंगाऱ्याकडे गेले.

सुनेने साचा सरळ करून पाहिला. "आई, अजून वरच दिसतोय."

"दिसू दे की. ओठाच्या कडेला रेघ राहिलीय, ती घे."

सुनेने साचा उलटा केला आणि पाते उचलले.