मूठ आवळली की कोपर वाकतं

"तुमच्या हाताची नस आता आपणहून परत येणार नाही," अमरावतीचे डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, "मंग तिले आणाले कोण जाईन?" डॉक्टर हसले नाहीत. शेजारी बसलेल्या अम्मानं मांडीला जोरात चिमटा काढला. मांडी शाबूत होती, त्यामुळे कळला.

अकोल्यात आमचं गाद्या भरायचं दुकान. माझी मान दोनदा उघडली होती, आधी पुढून, मग मागून. मणक्यातला दाब गेला, चाल सुधारली; पण दुसऱ्या ऑपरेशननंतर उजवा हात लोंबू लागला. मूठ वळायची, कोपर वाकायचं नाही. घास तोंडापर्यंत येईना. त्या वर्षांत कापसानं अख्ख्या वऱ्हाडाला रडवलं होतं, लग्नं लांबली होती, नव्या गाद्या कोण भरून घेतो? म्हणून माझा हात गेल्याचं गिऱ्हाइकांना कळलंच नाही. अम्माला कळलं. पन्नाशीच्या लेकाला ती भाकर कुस्करून भरवायची. "तू आपल्या हातानं जेवला की मी सुटली," म्हणायची.

ईएमजी झाली. म्हणजे सुया टोचून स्नायूपर्यंत नसेचा निरोप पोचतो का, ते बघतात. जन्मभर मी गाद्यांना टोचलं, त्या दिवशी गाद्यांच्या वतीनं मला टोचण्यात आलं.

मग नर्व्ह ट्रान्सफर. ही नसेची उसनवारी. मुठीकडे जाणाऱ्या नसेतला एक धागा काढून कोपर वाकवणाऱ्या स्नायूला जोडतात. फार उशीर झाला तर स्नायू वाळतो, मग जोडून उपयोग नाही. टाके काढताना डॉक्टर म्हणाले, "नस हळू वाढते, महिने लागतील. कोपर वाकवायचं असेल तेव्हा मूठ घट्ट आवळा."

मी शहाणा. दुखणं कोपराचं, मुठीचा काय संबंध? कोपराकडे डोळे वटारून बसायचो. अम्मा आपलं बोट माझ्या मुठीत द्यायची. "दाब." मी दाबायचो, पण जपून, काडीसारखं बोट तिचं. "जोर लाव ना रे, काहून घाबरून राहिला?" कोपर ढिम्म. उद्या होईन, मी म्हणायचो.

महिने गेले. एका दुपारी अम्मा बसल्या जागी गेली.

आमच्यात दफनाच्या वेळी प्रत्येकजण कबरीत तीनदा मूठभर माती देतो. माझी पाळी आली. गुडघे टेकून उजव्या हातात माती घेतली आणि जीव खाऊन मूठ आवळली. मातीला दुखायची भीती नव्हती.

कोपर वाकलं. हात कबरीकडे जायचा सोडून मातीसकट माझ्या छातीशी आला. पांढरा कुर्ता मळला. मागून धाकटा भाऊ हळूच म्हणाला, "भाईजान, माती टाका ना." मूठ सोडवेना. सोडली तर हात पुन्हा पडेल, अन् अम्मानं अजून पाहिला नव्हता.

शेवटी सोडली.

आता मी आपल्या हातानं जेवतो. हात खांद्याच्या वर जात नाही, तेवढं राहिलं. डॉक्टरांचे उपकार आहेत, हे मी त्यांना पेढे नेऊन सांगितलं. तुमच्यावर हीच वेळ आली, तर उशीर करू नका आणि डॉक्टर सांगतील ते उलटं वाटलं तरी करा. घरातलं कोणी मुठीत बोट देईल, ते जपत बसू नका. दाबा. ते माणूस कळवळलं तरी तुमच्या कोपराकडेच बघत असेल.