वीस मिनिटं उकळलेली कात्री

लढाईच्या दिवसांत राकेल रेशनवर गेलं आणि आमच्या दवाखान्यातला स्टो दिवसातनं एकदाच पेटायला लागला. निपाणीकडचं लहान गाव, लोकल बोर्डाचा दवाखाना, बाळंतिणींना दोन खाटा, एक डॉक्टर आणि नर्स म्हणून मी. सकाळी कात्री, चिमटे उकळायचे. दिवसात दुसरं बाळंतपण आलं की तीच कात्री गरम पाण्यानं धुवायची आणि घ्यायची. राकेल नाही, हे कारण सांगायला बरं होतं. खरं म्हणजे मागं चूल होती, जळणाचा ढीग होता. चुलीवर पातेलं काळं होतं, घासत बसावं लागतं, म्हणून मीच टाळत होते. डॉक्टर विचारायचे नाहीत, मी सांगायची नाही. असला आमचा कारभार!

एका जैन शेतकऱ्याची थोरली सून आमच्याकडं बाळंत झाली. त्या दिवशीचं ते दुसरं बाळंतपण, म्हणजे नुसती धुतलेली कात्री. तिसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला, आठव्या दिवशी ती गेली. तान्ही पोर तेवढी जगली. सासू पोरीला पदराखाली घेऊन घरी गेली.

पुढं पंधरा दिवसांत कागद आला, बेळगावहून मोठे साहेब दवाखाना तपासायला येणार. शेरा वाईट पडला तर दवाखाना दुसऱ्या गावाला जाणार, अशी बोलवा उठली. गावचे पाटील चारपाच जणांना घेऊन माझ्या दारात.

"आक्का, उगंच काय तर बोलून बसू नगासा. दवाखाना गेला तर बाया कुठं न्यायच्या? निपाणीपत्तोर गाडीत?"

वाटेत बैलगाडीतच मेलेल्या दोघी मला ठाऊक होत्या. पाटलांना खोटं कुठल्या तोंडानं म्हणू?

साहेब आले. भिंतींना ताजा चुना, खाटांवर धुतलेल्या चादरी, दारात बायांची गर्दी. साहेबांनी औषधं बघितली, रजिस्टर चाळलं आणि त्या सुनेच्या नावावर बोट ठेवलं. डॉक्टर म्हणाले, बाळंतज्वर. साहेब माझ्याकडं वळले.

"हत्यारं उकळता?"

"होय साहेब."

"दर वेळी? किती वेळ?"

"दर वेळी. वीस मिनिटं."

किती झटकन आलं मेलं तोंडातनं! पातेलं दाखवा, एवढं जरी ते म्हणाले असते तरी मी तिथंच रडले असते. विचारा की हो, अजून एक विचारा, असं मनात म्हणत उभी होते. त्यांनी नाही विचारलं. 'समाधानकारक' असा शेरा लिहून ते मोटारीत बसले. गावानं गूळ वाटला.

दुसऱ्या दिवसापासनं मी चूल पेटवली. दर वेळी, घड्याळ समोर ठेवून. यात मोठेपणा काही नाही. पातेलं घासायला पाच मिनिटंही लागत नव्हती.

आठवड्यानं तीच सासू आली, संगं धाकटी सून, सातवा महिना. म्हातारी पायरीवर टेकली.

"हिला हितं आणायचं न्हाय, असं मनात धरलतं म्या. थोरली कशानं गेली, लई काय काय मनात यायचं, आक्का. तुमच्यावर बी संशय घेतला, देव माफ करूदे. पर त्या दिशी दारात उभी हुते. तुमी सायबास्नी सांगितलासा ते कानानं ऐकलं. म्हंजे तुमच्याकडनं काय चुकलं न्हाय. तिचंच अंग कच्चं हुतं, दुसरं काय."

आणि सुनेला त्यांच्या घरच्या कन्नडमध्ये म्हणाली, भिऊ नकोस.

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. मग रजिस्टर ओढलं आणि धाकटीचं नाव लिहून घेतलं. ती सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. म्हातारी पुढं पुष्कळ वर्षं जगली, आणि थोरलीच्या पोरीला सांगत राहिली, तुझी आई अंगानंच कच्ची होती.