प्रसादाला रकाना नव्हता

ज्या माणसाला साखरेचा अभ्यास श्रावणात सुरू करायची बुद्धी होते, त्याच्या घरात भिंतीवर कॅलेंडर नसावं असं माझं मत आहे. अस्मिता मॅडम बदलापूरच्या एका कॉलेजात शिकवतात. वयानं लहान आणि हुशार, पण हे त्यांना सुचलं नाही. त्याचं ओझं उचललं सुनेत्रानं.

सुनेत्रा खोपकर अंबरनाथला माझ्या खालच्या मजल्यावर राहते. आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत तिनं एकतीस वर्षं लॅबमध्ये काढली. हजारो रिपोर्ट तिच्या हातून गेले, पण त्यांवर तिचं नाव कधीच नव्हतं. खाली कोपऱ्यात तीन अक्षरं असायची, एस. एम. के. कंपनी बंद पडली तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती आणि गुडघे चौऱ्याहत्तरचे. तेव्हा अस्मिता मॅडमनी तिला हे काम दिलं आणि म्हणाल्या, "रिसर्च पेपर छापून आला की त्यावर तुमचं नाव असेल. पूर्ण नाव." हे सांगायला ती त्या दिवशी जिना चढून वर आली होती. एरवी ती गॅलरीतून हाक मारते.

काम असं होतं. डायबेटिसच्या उंबरठ्यावर उभी असलेली चाळीस माणसं निवडायची. त्यांनी तीन महिने साखर आणि गोडधोड सोडायचं आणि चहात स्टीव्हिया नावाच्या गोड पानाच्या अर्काचे थेंब घालायचे. आधी आणि नंतर रक्त तपासायचं. प्रत्येकाला एक वही, आणि वहीत रोजचा रकाना: आज गोड खाल्लं का? असल्यास काय, किती? सतरा नंबर मी. ऑर्डनन्स फॅक्टरीतून चार्जमन म्हणून रिटायर झाल्यापासून साखर माझ्या मागे लागलीच होती.

पहिला चहा घेतला आणि मी तोंड वाकडं केलं. आधी गोड, मागून कडू. सुनेत्रा हसली. "काका, या पानातला पदार्थ म्हणजे एक कणा आहे, त्याला साखरेचे मणी जोडलेले. मणी कमी असले की मागून कडू लागतं, जास्त असले की स्वच्छ गोड. आतड्यातले जंतू हे मणी तोडून खातात, आणि उरलेला कणा लिव्हरमधून फिरून लघवीवाटे बाहेर पडतो. रक्तातली साखर त्यानं वाढत नाही." हे सांगताना तिचा थकवा कुठच्या कुठे गेला होता. तेवढाच वेळ.

बाकी तीन महिने तिची नुसती वणवण झाली. सोमवारी उल्हासनगर कॅम्प एक, बुधवारी अंबरनाथ, शुक्रवारी बदलापूर. दर आठवड्याला चाळीस जिने, चाळीस वह्या. संध्याकाळी ती पायरीवर बसून चपला काढायची आणि नुसती पायांकडे बघत राहायची. "कंटाळा आला हो काका," म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायची.

दिवाळीनंतर रिपोर्ट आले. चाळीसपैकी बहुतेकांची साखर जिथं होती तिथंच, काहींची वाढलेली. आणि वह्या पाहाव्या तर चकाचक. गोड नाही, गोड नाही, गोड नाही. अस्मिता मॅडमनी लिहायला घेतलं की साखर सोडून स्टीव्हिया घेतल्यानं काहीच फरक पडला नाही. सुनेत्राला ते पटेना. म्हणाली, "रिपोर्ट बरोबर असतील तर वह्या खोट्या आहेत. चला माझ्याबरोबर मोतीबाईकडे. एकटीनं जायचं त्राण नाही माझ्यात."

मी निमूटपणे रिक्षात बसलो. का निमूट, ते पुढे येईलच.

मोतीबाई गावठाणातली, सत्तरीची. शेती गेली, खणखणीत आवाज राहिला. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिची वही सुनेत्राच भरायची.

"मोतीबाई, खरं सांगा. गोड खाल्लंत ना?"

"नाय गो बाय. गोडाला शिवली पण नाय मी."

"मग साखर का वाढली?"

"ती तू सांग, शिकलेली तू. परसाद खाल्ला असंल, तेवढाच."

"कुठला प्रसाद?"

"सत्यनारायणाचा. मंग गौरी-गणपतीचा. नवरातीत तं रोजचाच. परसादाला कोन नाय बोलतं काय?"

सुनेत्राचा आवाज चढला. "मी दर आठवड्याला विचारत होते! एकदा तरी सांगायचं!"

"तू गोड इचारलास. परसाद कवा इचारलास?" मोतीबाई शांतपणे म्हणाली. "आन तुज्या सईचा पेढा? देवापुढं ठेवून आनलाय बोललीस, माज्या हातावर ठेवलास. तवा वही तुज्याच हातात व्हती."

सुनेत्रानं पिशवीतून वही काढली आणि पान शोधलं. सई, तिची मुलगी, नर्सिंग पास झाली तो दिवस. रकान्यात तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, नाही.

मी भिंतीकडे बघत होतो. गणपतीत सात मोदक खाऊन मीही माझ्या वहीत नाहीच लिहिलं होतं, आणि खोटं लिहितोय असं तेव्हा वाटलंही नव्हतं. कॅम्प एकच्या सिंधी घरांत चालिहो व्रताचा गोड भात असणार, बदलापुरात शिरा असणार. चाळीस घरांत चाळीस देव, आणि सुनेत्राचे पेढे तर सगळ्याच घरांत पोचलेले. मला फार लाज वाटली.

घरी येऊन तिनं फोन लावला. स्पीकरवर मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सुनेत्राताई, हे लिहिलं तर पेपर होणार नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागेल. पुढच्या वर्षी पैसे मिळतील की नाही, तेही माहीत नाही. वह्यांत जे आहे तेच धरलं तर... कोणी विचारणार नाही."

"त्यावर माझं नाव असणार ना?"

"हो. ठरलंय ना आपलं."

"मग नको." तिनं फोन ठेवला आणि रडली. पदर वगैरे न लावता, सरळ. मी पाणी आणून दिलं. दुसरं काय करणार?

जरा वेळानं तिनं मोतीबाईची वही उघडली. 'नाही'वर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: पेढा, एक. देणारी आणि न लिहिणारी मीच. खाली सही करायची होती. पेन एस. एम. के.च्या सवयीनं टेकलं, आणि थांबलं. मग तिनं सावकाश, सुटं सुटं लिहिलं: सुनेत्रा मोहन खोपकर.

तिनं ते एकदा वाचलं. मग सतरा नंबरची वही काढून माझ्यापुढे सरकवली.

"लिहा काका," ती म्हणाली. "श्रावणापासून."